घरी बांधायला स्वस्तातली किट कार कोणती घ्यावी? बजेट ४ लाख, नाशिक

पाथर्डीफाटा_पंकज:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी अंबडला एका कंपनीत सीएनसीवर आहे, घर पाथर्डी फाट्याला, रो हाऊस, पुढे पार्किंग १० बाय १८ फुटांचं. लॉकडाऊनपासून किट कारचे व्हिडिओ बघायचं वेड लागलंय, खोक्यातून पार्ट येतात, माणूस शनिवार-रविवार पान्हे फिरवत बसतो आणि वर्षभराने त्यातून दोन सीटची उघडी गाडी बाहेर पडते, हे बघून झोप लागत नाही राव. आता ठरवलंय की आपणही एक बांधायची. पैसे चारच लाख आहेत, त्यातले पन्नास हजार मुलीच्या क्लाससाठी कधीही काढून घेतले जातील अशी घरातून तंबी आहे.

आतापर्यंत डोक्यात आलेले पर्याय असे. एक तर इंग्लंडवरून लोटस सेव्हन टाइपचं (बुटकी, दोन सीटची उघडी गाडी) किट मागवायचं. नाहीतर अमेरिकेतलं फॅक्टरी फाइव्ह कंपनीचं ८१८, जे दिसायला भारी आहे पण त्याला सुबारूची इम्प्रेझा फोडावी लागते, ती नाशकात कुठून आणू. तिसरं म्हणजे प्लॅन घेऊन चासी स्वतः वेल्ड करायची आणि मारुतीचं इंजिन टाकायचं. चौथं, जुनी चिंकारा रोडस्टर मिळाली तर तीच खोलून परत बांधायची. आणि एक जण फोनवर बग्गीचं किट देतो म्हणतोय, ३ लाख १० हजार, वर "आरटीओचं आम्ही बघतो" असंही म्हणतो, ॲडव्हान्स निम्मा मागतोय.

वेल्डिंग थोडंफार येतं (गेट आणि झोपाळा केलाय), लेथ-मिलिंग रोजचंच. कोणतं घ्यावं?


भद्रकालीचा_बाळ्या:

गाडी बांधतोय का लग्न जमवतोय भो? आधी पत्रिका बघ. पत्रिका म्हणजे आरसी. आणि तो "आरटीओचं आम्ही बघतो" वाला आहे ना, त्याला सांग की पासिंग झालेली एक गाडी आणून दाव, पूर्ण पैसे रोख देतो. परत फोन आला तर मला मिसळ लागू.


पेठरोड_पेपरवाला:

बाळ्याने थट्टेत सांगितलं पण मुद्दा तोच आहे. माझं रोजचं काम पेठ रोडलाच, आरटीओसमोर, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचा पॅरा वाचा.

इंग्लंडमध्ये हे खूळ चालतं कारण तिकडे घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून नंबर द्यायची सोय आहे, आयव्हीए म्हणतात तिला. गाडी तपासणी केंद्रावर न्यायची, इन्स्पेक्टर लाइट, ब्रेक, टोकदार कडा, सगळं बघतो, पास केली की गाडी रस्त्यावर. आपल्याकडे असलं खिडकीवरचं काम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा १२६ नंबरचा नियम आहे, त्यात गाडी बनवणाऱ्याने नमुना गाडी पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई असल्या संस्थेकडून पास करून आणायची. हे कंपन्यांसाठी केलेलं आहे, हजारो गाड्या विकल्या की खर्च निघतो. त्यात कारच्या नव्या मॉडेलला २०१७ पासून समोरून आणि बाजूने धडकवायची टेस्ट लागू झाली. तुम्ही बांधणार एकच गाडी, ती तिकडे आपटून दाखवली तर परत आणणार काय, स्टिअरिंग?

मग लोक काय डोकं लावतात, जुनी मारुती घ्यायची, तिच्याच आरसीवर नवीन चासी-बॉडी चढवायची. तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलं. रंग बदलणं, सीएनजी किट बसवणं वेगळं, त्याला रस्ता आहे. ओम्नीच्या आरसीवर स्पोर्ट्स कार फिरवणं म्हणजे पोलिसाने बाजूला घेतलं की संपलं. आणि दंड परवडला एक वेळ, पण कोणाला लागलं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करणार, आणि मग पाथर्डी फाट्याचं रो हाऊस विकायची पाळी.

बाहेरून आणायचं तर आणखी एक, कलम १२०, स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे. अमेरिकेतली किटं डाव्या हाताची.

तुमच्या यादीत रस्त्यावर चालेल अशी एकच वस्तू आहे, चिंकारा. ती अलिबागला कंपनीने बनवून विकलेली, इसुझूचं १.८ इंजिन, म्हणजे अ‍ॅम्बेसेडर-कॉन्टेसामध्ये यायचं तेच. आरसीवर मेकर म्हणून चिंकाराचंच नाव असेल आणि चासी नंबर जुळत असेल तरच हात लावा. गोव्याची सॅन स्टॉर्म पण तशीच, फायबर बॉडी आणि रेनॉचं १.२ इंजिन, पण तिचे पार्ट शोधत आयुष्य जाईल.


पाथर्डीफाटा_पंकज:

धन्यवाद साहेब. रात्री वाचलं आणि जेवण गेलं नाही. सौ. मात्र खूश आहे.

एक विचारतो, मामांची मोहाडीला साडेसहा एकर बाग आहे, बाजूला एक एकर पड आहे. समजा गाडी कधी रस्त्यावर आणलीच नाही, तिथेच बांधली, तिथेच चालवली, तर? मला शोरूममध्ये जायचं नाहीये ओ, मला बांधायचीये.


बाहा_टीम_माजी:

दादा तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला आलो. मी कॉलेजला असताना बाहाच्या टीममध्ये होतो, २००७ पासून भारतात ही इंजिनिअरिंगच्या पोरांची स्पर्धा होते, एका माणसाची ऑफरोड बग्गी स्वतः डिझाईन करून बांधायची आणि पिथमपूरला नेऊन चिखलात तोडायची. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं इंजिन असायचं सगळ्यांना, म्हणजे हसू येईल एवढंच, पण पट्ट्यात बसून उतारावरून सोडली की हसू कुठल्या कुठे जातं.

शेतातच चालवायची असेल तर सेव्हन टाइपची चार बोटं जमिनीवरून जाणारी गाडी कशाला? मोहाडीची काळी माती, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ऑक्टोबरपर्यंत गाडी शेडमध्ये. बग्गी बांधा. आणि पाईपवर कंजूषी करू नका. आमच्या रोल केजला (गाडी उलटली तर वाचवणारा पाईपचा पिंजरा) नियमच होता, एक इंच बाहेरचा व्यास, ३ मिलिमीटर जाडी, १०१८ ग्रेड स्टील. बाजारात गेटसाठी मिळणारा १६ गेजचा पाईप म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, गाडी उलटली तर तो पापडासारखा चपटा होणार. शेतात उलटते गाडी, बांध असतात, ड्रिपचे पाईप असतात. डोक्यावर केज, पाच पट्ट्यांचा बेल्ट आणि हेल्मेट, शेतात कोण बघतंय म्हणून सोडू नका.

ते ३ लाख १० हजारवालं किट बिलकुल घेऊ नका, फोटो असेल तर टाका, वेल्ड बघून सांगतो.


दिंडोरी_लोकॉस्ट:

पंकजराव, मी बांधलीये. ओम्नीवरची लोकॉस्ट, म्हणजे घरीच वेल्ड केलेली सेव्हन टाइपची गाडी. दिंडोरीजवळ, द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये, सव्वीस महिने लागले, अजून एक इंडिकेटर लागत नाही आणि लागायची गरज पण नाही कारण वळायला कोणी मागे नसतंच.

किट घ्यायच्या भानगडीत पडूच नका, किट ही श्रीमंतांची आळशी सोय आहे (मत माझं, भांडायचं असेल तर शेडवर या). लोटस सेव्हन १९५७ ची, १९७३ पासून केटरहॅम तीच बनवतंय, आणि तिची गरिबाघरची बहीण म्हणजे लोकॉस्ट. २५ बाय २५ मिलिमीटरचा चौकोनी पाईप, १६ गेज, कापा आणि जोडा. इंग्लंडमध्ये जुनी फोर्ड एस्कॉर्ट फोडायचे, नंतर माझदाची एमएक्स ५, कारण दोन्हीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकाला. आपल्याकडे असली स्वस्त गाडी कोणती? सगळे मारुती ८०० म्हणतात आणि तिथेच फसतात. ८०० चं इंजिन आडवं, पुढची चाकं फिरवतं. तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन ओम्नीत उभं बसवलंय, मागे गिअरबॉक्स, मग प्रॉपेलर शाफ्ट, मग मागे हाउसिंग. सेव्हनला हेच पाहिजे. जिप्सी त्याहून भारी, १.३ चं १६ व्हॉल्व्हवालं, ८० हॉर्सपॉवर, पण जिप्सीवाले आता सोनाराच्या दुकानात बसल्यासारखे भाव सांगतात.

आता खरं सांगतो काय झालं ते. जमीन लेव्हल नसते, शेडचीही नसते, म्हणून जाड प्लाय ८ बाय ४ ची, खाली लोखंडी अँगल, चारी कोपऱ्यात बोल्ट लावून पाण्याच्या नळीने लेव्हल केली. एवढं शहाणपण केलं आणि दुसऱ्याच संध्याकाळी माती खाल्ली. खालची चौकट टॅक मारून (नुसते वेल्डचे टिपके देऊन) झाली होती, हाताला वेल्डिंगची चटक लागली, म्हणलं डावी बाजू पूर्णच करून टाकू. सकाळी कर्ण मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा ९ मिलिमीटर जास्त. चौकट तापून डावीकडे ओढली गेली होती, गुण्या लावला की एका कोपऱ्यात उजेड दिसायचा. जॅक लावून बघितला, हातोड्याने बघितला, शेवटी ग्राइंडरने सहा जोड कापले. तेव्हापासून पूर्ण चासी फक्त टॅकवर उभी करायची, वरचे, तिरके सगळे पाईप लागले की मग वेल्ड, तेही एक बोटभर इकडे आणि मग लगेच समोरच्या कोपऱ्यात, निवांत, मध्ये चहा. आणि १६ गेजवर साध्या रॉडने भोकं पडतात, मिग मशीन (तारेवर चालणारं वेल्डिंग) लागतंच. सिंगल फेजवाली मिळतात, पण घराच्या मीटरचा लोड आधी बघा नाहीतर मशीन चालू केलं की शेजाऱ्यांची सीरियल बंद.

ओम्नीच्या अडचणी तीन. गाडी मुळातच अरुंद, १४१० मिलिमीटर रुंदी, म्हणजे एस्कॉर्टच्या मापाचे इंग्रजी प्लॅन जसेच्या तसे चालत नाहीत, चासी मधून बारीक करावी लागते आणि माझ्यासारखा ९४ किलोचा माणूस बसला की दार उघडायचा प्रश्नच येत नाही, दारच नाहीये, वरून आत घसरायचं. दुसरं, पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन, ते उंच, सेव्हनच्या बुटक्या नाकाच्या वर डोकं काढतं. म्हणून ए-आर्म (चाकाला चासीशी जोडणारे आडवे हात) बांधले आणि अपराइट (चाक ज्यावर बसतं तो उभा भाग) मिलिंगवर करून घेतले, इथे माझे १९ हजार गेले जे तुमचे वाचतील, तुम्ही रोज त्याच मशीनवर उभे असता. तिसरं, प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो. लेथवाल्याने कापून वेल्ड करून दिला, "एकदम सरळ आहे बघा" म्हणाला, ५० च्या पुढे गेलो की सीटखाली पिठाची गिरणी सुरू. बॅलन्स करून आणल्यावर गेली. शाफ्टच्या खाली पट्टी मारा, तो तुटून खाली रोवला गेला तर गाडी पोलव्हॉल्ट करते.

हिशोब वहीतला: ओम्नी ४८ हजार, पाईप आणि पत्रा १४, शॉकअप-स्प्रिंग ३२, लेथ-मिलिंग १९, टायर-रिम २६, मशीन-ग्राइंडर-हत्यारं ४१, सीट-वायरिंग-रंग २७. दोन लाख सात हजार. यात कटिंग डिस्क, गॅस आणि पोरांना दिलेले वडापाव नाहीत. २० फुटी पाईप दहा लागले, एक पाईप साधारण ७ किलोचा, वजनावर घ्या, नगावर नको. गाडी आमच्या द्राक्षाच्या काट्यावर ५४० भरली, म्हणजे ओम्नीपेक्षा अडीचशे किलो हलकी. इंजिन ३५ हॉर्सपॉवरच्या आसपास, कागदावर काही नाही. पण बूड जमिनीपासून वीतभर वर आणि समोर काच नाही, ६० ला वाटतं कसारा घाटात ब्रेक फेल झालेत.

बाहावाल्या भावाचं केजचं म्हणणं मात्र शंभर टक्के. माझा मागचा हूप (डोक्यामागची पाईपची कमान) ३ मिलिमीटरचाच आहे. मातीचं पण खरं, म्हणून प्लॉटभोवती मुरूम टाकून सहाशे मीटरचा गोल केलाय, त्याचा खर्च मी घरात "ट्रॅक्टरला रस्ता" म्हणून दाखवलाय.


देवळाली_जीपवाले_काका:

सगळं वाचलं. हौस चांगली आहे, पण पंकज, दोन लाख सात हजार घालून गोल गोल फिरायचं? पोरीला शाळेत सोडायला तरी नेता आली पाहिजे. माझं ऐक, जुनी जीप घे. आपल्या गावाला गाडी काय नवीन नाही, सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, निम्म्या नाशिकचा कोणी ना कोणी तिथे लागलेला. आणि महिंद्राची सुरुवातच किटवर झाली, स्वातंत्र्याच्या सुमारास विलिसच्या जीपचे सुटे भाग बोटीने यायचे आणि मुंबईत जोडायचे. म्हणजे तुझ्या व्हिडिओवाल्या म्हाताऱ्याच्या आधीच आपण किट कार जोडल्यात.

एमएम ५४० बघ, प्यूजोचं २.१ डिझेल, बॉडी सडलेली चालेल, कागद सडलेले नको. १५ वर्षांनी फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षं वाढवून मिळतात. खोल, पाटे बदल, गिअरबॉक्स उघड, मूळ होती तशीच परत बांध, दोन वर्षं हात काळे राहतील आणि शेवटी नंबर प्लेट लावून सोमेश्वरला जाता येईल. ५० वर्षांच्या वरची मिळाली तर २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी पण आहे, २० हजार फी, दहा वर्षांची, पण ती रोज वापरायला नाही.

एकच सांगतो, हरियाणातल्या डबवालीवरून येणारी चकचकीत जीप घेऊ नकोस. मी घेतली होती. मोठी चाकं, नवी बॉडी, समोर दोन फूट बंपर. इथे आणून चासी नंबरवरचा रंग खरवडला तर आरसीवर एक, लोखंडावर दुसराच, आणि त्या लोखंडावरही आधीचा तिसरा घासलेला. दीड वर्ष अंगणात उभी होती, शेवटी भंगारात दिली. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद.


भद्रकालीचा_बाळ्या:

काका त्या सांगलीकडच्या देवराष्ट्र्याच्या माणसाचं सांगा ना पंकजला. भंगारातून किकवर चालू होणारी छोटी जीप केली, साठेक हजारात, व्हिडिओ फिरला २०२१ ला. आनंद महिंद्रांनी स्वतः लिहिलं की नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, मी बोलेरो देतो, ही आम्हाला द्या. आणि दिली. म्हणजे पंक्या तू पण बांध, शेवटी बोलेरो.


पाथर्डीफाटा_पंकज:

बाळ्या, बोलेरो मिळाली तर पहिली चक्कर भद्रकालीत.

काका, तुमचं पटतंय पण मन तिकडे वळत नाही. जीप परत बांधणं म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं पुसून परत तेच लिहिणं वाटतं. मला पाईप कापायचाय. बग्गीवाल्याला नाही सांगितलं, तर म्हणाला "ॲडव्हान्स दहा हजार तरी टाका". फोटो मागितला, तो कुठल्यातरी परदेशी साइटवरचा निघाला, गाडीमागे बर्फ होता.

ठरलं असं की मोहाडीला मामांच्या शेडमध्ये ओम्नीवरची लोकॉस्ट, रुंदी वाढवता येईल का ते बघतो, अपराइट स्वतः करतो. एक ओम्नी बघितलीये वडाळा नाक्याला, २००८ ची, इंजिन गरम होत नाही, पाटे बसलेत, ३८ हजार म्हणतो. फक्त एक आहे, आरसी ज्यांच्या नावावर ते गृहस्थ २०१९ लाच वारले, विकणारा त्यांचा पुतण्या. म्हणतो फोडायचीच आहे तर नाव कशाला करता. खरंय का?


पेठरोड_पेपरवाला:

नाही. फोडायचीच आहे म्हणूनच करायचं. गाडी मोडली की चौदा दिवसांत आरसी रद्द करायला कळवायचं असतं, कलम ५५, आणि ते मालकाने. तुम्ही मालक नाही, पुतण्या पण नाही. उद्या त्या नंबरची प्लेट कोणी दुसऱ्या गाडीला लावून कुठे घातली तर पोलीस त्या गृहस्थांच्या घरी, तिथून पुतण्याकडे, तिथून तुमच्या मामांच्या शेडमध्ये. आधी वारसाच्या नावावर होऊ दे, फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांच्या सह्या. मग फॉर्म २९-३० वर तुमच्याकडे. मग रद्द. चासी नंबरचा तुकडा कापल्यावर टाकू नका, तो लागतो.

बाकी वारस कोण आहेत ते पुतण्याला विचारलं का?


पाथर्डीफाटा_पंकज:

विचारलं आत्ता. दोन मुली आहेत, एक येवल्याला दिलीये, एक पुण्याला. त्यांना गाडी विकतोय हे माहीतच नाही.


दिंडोरी_लोकॉस्ट:

सोडा ती. ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती, रस्त्याला पोत्याने पडल्यात, शाळेच्या, दूधवाल्यांच्या, ॲम्ब्युलन्सच्या. ॲम्ब्युलन्सची घेऊ नका, ती सदा तिसऱ्या गिअरमध्ये पिदलेली असते.

रविवारी शेडवर या, सकाळी दहाच्या आत, नंतर पत्रा तापतो. टेप आणा. नऊ मिलिमीटर वाकलेली ती पहिली चौकट अजून भिंतीला टांगलीये, तिच्यावर आमचे कारले चढलेत, ती आधी मोजून बघा. काका, तुम्ही पण या, येताना जीपनेच या.


देवळाली_जीपवाले_काका:

येतो. सेल्फ गेलाय, ढकलायला दोन माणसं ठेव.